बाजारादिवशी चूल बंद

देवाने पृथ्वी केली, पण ती मोजून कुणाच्या ताब्यात दिली नाही, आणि राहिलेली ही कामगिरी पुरी करायला आमच्या समोरच्या घरात एक माणूस राहायला आला, असं नळदुर्गातल्या आमच्या गल्लीत कुणीही शपथेवर सांगेल. एकतीस वर्षं त्यांनी जमिनी मोजण्याच्या सरकारी खात्यात मोजणीदार म्हणून काढली. निवृत्त होऊन बराच काळ झाला, पण निवृत्त झाली ती नोकरी. टेप अजून कामावर आहे. लोक खिशात रुमाल ठेवतात, हे टेप ठेवतात, आणि घाम आला तर टेप पुसायच्या फडक्यानेच तोंड पुसतात. गल्ली त्यांना मोजणीकाका म्हणते. खरं नाव घरावरच्या पाटीवर आहे. ती पाटी त्यांनी जमिनीपासून नेमक्या पाच फुटांवर ठोकली आहे, आणि नेमक्या तिच्यासमोर ते स्वतःची सायकल लावतात, त्यामुळे ते नाव अजून कुणी पुरतं वाचलेलं नाही.

काका कुठलीही गोष्ट आधी मोजतात, मग बघतात. गल्लीतल्या एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना ते पुढच्या रांगेतून उठले आणि अंतरपाट धरणाऱ्याच्या कानाशी जाऊन म्हणाले, "उत्तरेकडून दोन इंच खाली हाय. वर घ्या." त्याने वर घेतला, तर दक्षिणेकडचा घाबरून आणखी वर गेला, आणि शेवटच्या मंगलाष्टकापर्यंत नवरानवरीची तोंडं खालून दिसायला लागली होती. काका समाधानाने परत येऊन बसले. एकदा दोन शेजारणींचं कपडे वाळत घालायच्या तारेवरून भांडण लागलं, तर काकांनी तारेच्या मधोमध लाल दोरा बांधून दिला आणि दोघींच्या सह्या घेतल्या. त्या अजून भांडतात, पण आता दोऱ्यापलीकडे ओढणी उडून गेली तर ती अतिक्रमण समजतात.

माझी शाळा सोलापुरात झाली, इंग्रजी माध्यमाची. मी मोठ्या माणसांशी बोलताना आधी मनातल्या मनात वाक्य जुळवते, आणि ते जुळेपर्यंत माणूस निघून गेलेला असतो. काकांशी ओळख झाली ती मी काही न बोलता. पुण्यातली नोकरी घरून करायची वेळ आली तेव्हा मी खिडकीजवळ टेबल लावून बसायचे. तिसऱ्या दिवशी काका खिडकीबाहेर उभे. "मॅडम, टेबल खिडकीपासनं अडीच फुटावर हाय. उजेड तिरका पडायलाय. साडेतीन करा." नाही म्हणायचं धाडस नव्हतं म्हणून मी टेबल सरकवलं, आणि आठवड्यात माझी मान दुखायची थांबली. हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. बाहेरूनच नजरेने मोजून ते पुढे गेले.

आजार आला तेव्हा सगळा देश घाबरला होता. काका मात्र खुशीत होते, असं म्हणायला मला संकोच वाटतो, पण ते खरं आहे. दोन गज अंतर ठेवा, असं सरकारने सांगितलं तेव्हा ते टीव्हीपुढे उठून उभे राहिले. "बघा," ते काकूंना म्हणाले, "सरकार मीटर सोडून परत गजावर आलं. जन्मभर लोकांना सांगत आलो, अंतर ठेवा. आता कुठं पटलं." दुसऱ्या दिवशी रेशन दुकानासमोर चुन्याचे चौकोन आखलेले होते, इतके काटकोनात की लोक त्यात उभे राहायला लाजायचे. भाजीवालीची गाडी, दुधाचं कॅन, औषधाचं दुकान, सगळीकडे काकांचा चुना. गल्लीतलं एक कुत्रं रोज एका चौकोनात नीट मधोमध बसायला लागलं, तर काका म्हणाले, "माणसापरीस शिस्तीचं हाय."

आता काकूंबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्यामुळे घडलं. काकूंचं माहेर कर्नाटकातलं. बोलतात कमी, आणि बोलल्या तर मधूनच एखादा कानडी शब्द ठेवून देतात, पानात लोणचं ठेवावं तसा. नोकरीत असताना काकांचा एक नियम होता. ज्याची जमीन मोजायची त्याच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. बांधावर दोन्हीकडचे लोक दूध, चहा, कोंबडीचं जेवण घेऊन उभे असायचे आणि काका झाडाखाली बसून घरचा डबा खायचे. "पाणी पेलं की माप वाकतं," असं ते म्हणायचे. अजून जळकोटपर्यंतचे लोक हे वाक्य सांगतात. फक्त त्या डब्यासाठी काकू एकतीस वर्षं पहाटे चारला उठल्या, हे मात्र कुणी सांगत नाही. घरात गॅस आला, पण त्यावर भाजी आणि चहा. भाकरी अंगणातल्या पत्र्याखाली चुलीवरच, कारण डब्यातली भाकरी दुपारपर्यंत मऊ राहते ती चुलीवरचीच, असं काकांचं मत. निवृत्तीनंतर डबा थांबला, चूल थांबली नाही.

या सगळ्याच्या बदल्यात काकूंना आठवड्यातला एक दिवस मिळाला होता. बाजारादिवशी चूल बंद. त्या दिवशी काकू जांभळी इरकल नेसायच्या, दोघं बाजार करायचे आणि हायवेवरच्या अक्कांच्या खानावळीत जेवायचे. भरलं वांगं, डाळ, शेंगाचटणी, हुग्गी म्हणजे गव्हाची खीर, आणि तव्यावरून थेट पानात येणारी भाकरी. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षापासूनचा हा नेम. बाळंतपण आणि पाऊस सोडला तर मोडला नव्हता.

आजाराने तो मोडला. अक्कांनी खानावळीला कुलूप लावलं. काकू सगळ्या दिवसांसारख्या बाजारादिवशीही भाकऱ्या थापू लागल्या. पण माझी खिडकी त्यांच्या अंगणावरच उघडते, म्हणून मला दिसायचं की बाजारादिवशी त्या जांभळी इरकल नेसूनच चुलीपुढे बसतात.

दसऱ्याच्या आधी बातमी आली की खानावळी उघडणार, पण निम्म्या क्षमतेने. अक्कांचा फोन आला तेव्हा मी काकांच्या अंगणात होते. "सायेब, चूल पेटवलीय. वहिनींना घेऊन कधी येताव?"

काकूंच्या हातातली परात थांबली.

"मोजणी करून कळवतो," काका म्हणाले.

परात पुन्हा हलू लागली.

त्या दिवसापासून काकांनी एक फाइल उघडली. वरती सुंदर अक्षरात लिहिलं: 'बाहेर जेवण्यास जावे किंवा कसे.' जमिनीच्या मोजणीला जी रीत असते ती सगळी या जेवणाला लागू झाली. आधी नोटीस, मग जागेची पाहणी, मग नकाशा, पंचांच्या सह्या, हरकती, आणि शेवटी निकाल. लगतच्या जमीनवाल्यांना नोटीस द्यावी लागते, म्हणून खानावळीच्या दक्षिणेला असलेल्या पंक्चरवाल्याला नोटीस गेली. त्याने ती दोनदा वाचली आणि म्हणाला, "जेवा की. माझी काय हरकत?" काकांनी हे वाक्य त्याच्या सहीसकट नोंदवलं. मी लेखनिक होते. सरकारचे नियम माझ्या फोनवर इंग्रजीत आले होते. काका म्हणत, "मॅडम, ह्याचं मराठी काय?" आणि मी, जिला बारा वर्षं इंग्रजीत बोललं नाही तर बाकावर उभं केलं जायचं, घामाघूम होऊन मराठी शोधत बसायचे.

पाहणीला मी टेपचं टोक धरायला गेले. खानावळ म्हणजे लांबट खोली, सहा बाकडी, मागे अंगण, आणि एका कोपऱ्यात भाकरी थापणाऱ्या दोघी बायका. काकांना पहिली अडचण आली ती 'निम्मी क्षमता' या शब्दांची. निम्मी कशाची, हे ठरवायला पुरी किती ते कळायला हवं.

"अक्का, एका बाकड्यावर माणसं किती बसत्यात?"

"कोण बसतंय त्याच्यावर हाय," अक्का म्हणाल्या. "ऊसतोडीवाले बसले तर सहा. गुत्तेदार बसले तर तीन."

"सरासरी सांगा."

"सरासरी माणूस आपल्याकडं जेवायला येत न्हाय, सायेब."

काकांनी लिहून घेतलं. मग त्यांना वारा तपासायचा होता. श्वास कुठून कुठे जातो हे दिसत नाही, धूर दिसतो, म्हणून त्यांनी खिशातून उदबत्ती काढून पेटवली आणि प्रत्येक बाकड्याशी स्तब्ध उभे राहून धुराकडे बघू लागले. अक्कांना वाटलं, इतक्या महिन्यांनी खानावळ उघडली म्हणून साहेब पूजा करायला आले. त्यांनी डोक्यावर पदर घेतला आणि हात जोडले. भाकरीवाल्या दोघी उठून मागे उभ्या राहिल्या. एका जेवणाऱ्या ट्रक ड्रायव्हरने तोंडातला घास तसाच ठेवून नमस्कार केला. काका सहाव्या बाकड्यापर्यंत गेले, मागचं दार उघडायला लावलं, धूर अंगणाकडे वळलेला पाहिला आणि गंभीरपणे म्हणाले, "नैर्ऋत्येला जायलाय." अक्का म्हणाल्या, "तुमची कृपा," आणि मला गुळाचा खडा दिला. खरं काय ते सांगायला मी वाक्य जुळवत होते, तोवर काका टेप गुंडाळून बाहेर पडले होते.

नकाशा झाला. मला वाटलं, आता निकाल. पण काका म्हणाले, "जागा मोजली. माणूस कुठं मोजला?" बाहेर जेवताना आपण कसे वागू, मास्क कधी काढू, किती वेळ तोंड उघडं राहील, हे कळल्याशिवाय निकाल कसा द्यायचा. म्हणून तालीम ठरली. अंगणात चुन्याने खानावळ आखली गेली, सहा बाकड्यांसकट. बाकडी नव्हती, पण रेषा होत्या, आणि रेषेवरून पाय गेला तर काका "भिंत" म्हणून ओरडायचे. तालीम खऱ्या जेवणावरच व्हायला हवी, वरणभातावर केली तर वेळ चुकीची येते, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा काकूंनी भरलं वांगं, डाळ, शेंगाचटणी आणि हुग्गी केली.

पहिल्या तालमीत ठरलं की घास हनुवटीशी आला की मास्क खाली आणि घास आत गेला की मास्क वर. काकांनी हे अकरा घासांपर्यंत पाळलं. बाराव्याला मास्क आधी वर आला. डाळीचा तो पिवळा डाग मी अजून विसरलेले नाही. दुसऱ्या तालमीत ठरलं की मास्क खाली असताना बोलायचं नाही, म्हणजे वाढप कसं मागायचं हा प्रश्न आला. काकांनी माळ्यावरून मोजणीच्या झेंड्या काढल्या. लाल म्हणजे भाकरी, पांढरी म्हणजे भात, आणि शेंगाचटणीसाठी काकूंच्या ब्लाउजपीसमधून एक हिरवी शिवली गेली. त्या दुपारी काकांना भूक जास्त होती. त्यांनी लाल झेंडी जोरात हलवली, तर रस्त्यावरून रिव्हर्स येणारा टेम्पो कचकन थांबला आणि मागे बसलेली भाजीवाली कोबीवर पडली. "काय झालं ओ?" तिने विचारलं. काकांना बोलता येत नव्हतं, कारण मास्क खाली होता. त्यांनी पांढरी दाखवली. टेम्पो गेला, आणि काकांच्या पानात भात आला.

मी त्या दिवशी वाढपी होते आणि हसू दाबून दाबून माझं पोट दुखत होतं. काकूंकडे पाहिलं तेव्हा मात्र हसू थोडं कमी झालं. त्या एकाच वेळी गिऱ्हाईकही होत्या आणि खानावळही. चुन्याच्या रेषेआत दोन घास खायच्या, लाल झेंडी दिसली की उठून चुलीकडे जायच्या, भाकरी टाकायच्या, परत रेषेआत येऊन बसायच्या. तोवर पानातलं गार झालेलं असायचं. बाहेर जेवायला जावं की नाही हे ठरेपर्यंत त्यांनी तीन आठवड्यांत खानावळीचा सगळा स्वयंपाक तीनदा केला होता.

"काकू, पार्सल का नाही मागवत?" मी एकदा हळूच विचारलं.

"गार भाकरी आली की ती घरचीच झाली, बाळ," त्या म्हणाल्या.

तिसरी तालीम झाल्यावर काकांनी फाइल माझ्याकडे दिली. सगळं पक्क्या अक्षरात उतरवायचं, फक्त हरकतींचा रकाना सोडून. "तो माझा मी बघतो," ते म्हणाले. घरी येऊन मी पानं लावली, तेव्हा तो रकाना दिसला. काका कायम शाईने लिहितात. ज्या हद्दीबद्दल अजून खात्री नाही तेवढीच पेन्सिलीने काढायची, अशी त्यांची पद्धत. त्या रकान्यात पेन्सिलीने, अगदी बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'सौ.ला दमा आहे.' खाली खोडून पुन्हा लिहिलं होतं, तेच.

मग मला चुना, उदबत्ती आणि झेंड्या वेगळ्या दिसू लागल्या. काकूंना दमा आहे हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. थंडीत त्यांचा श्वास आमच्या घरापर्यंत ऐकू यायचा. पण काकांच्या तोंडून तो शब्द कुणी ऐकला नव्हता. घेऊन जावं तर तिच्या श्वासाची भीती, न न्यावं तर तिचा तो एकच दिवस बुडतो. दोन्ही बाजू खऱ्या असल्या की मोजणीदार काय करतो, तर पुन्हा मोजतो.

त्या आठवड्यातल्या बाजारादिवशी सकाळी काका चौथ्या तालमीसाठी चुना आणायला गेले. काकू जांभळी इरकल नेसून, मास्क बांधून माझ्या खिडकीशी आल्या.

"चल गं," त्या म्हणाल्या.

"कुठे?"

"जेवायला."

"पण काका... चौथी तालीम..."

"साकु," काकू म्हणाल्या. पुरे, असा त्याचा कानडी अर्थ. पण मराठीतलं पुरे इतकं शांत नसतं.

मी लॅपटॉप मिटला. कामाच्या वेळेत न सांगता उठण्याची ती माझी पहिली वेळ. हायवेच्या कडेने आम्ही चालत गेलो. काकू पुढे, मी सहा फूट मागे, सवयीने. खानावळीत त्या वेळी कुणीच नव्हतं. अक्कांनी दारातूनच हाक मारली, "या वहिनी. सायेब कुठायत?"

"मोजायलेत," काकू म्हणाल्या आणि मागच्या दाराजवळच्या बाकड्यावर बसल्या.

पान आलं. मग भाकरी आली, तव्यावरून सरळ, वाफेने टम्म फुगलेली. काकूंनी ती मोडली नाही. मास्क खाली केला आणि नुसत्या बघत बसल्या.

"काय झालं, वहिनी? करपली का?" अक्कांनी विचारलं.

"न्हाय," काकू म्हणाल्या. "चांगली फुगलीया." आणि त्यांनी पहिला घास घेतला. चैत्रापासून दुसऱ्या कुणी त्यांच्यासाठी टाकलेली ती पहिली भाकरी होती. मी माझ्या पानाकडे बघत राहिले, कारण त्या वेळी त्यांच्या तोंडाकडे बघणं बरं वाटलं नसतं.

दुसरी भाकरी येईपर्यंत काका दारात उभे होते. एका हातात फाइल, दुसऱ्यात चुन्याची पिशवी, शर्ट घामाने भिजलेला. घरी येऊन त्यांनी गार चूल पाहिली असणार.

"मोजणी पुरी झाली न्हाय अजून," ते म्हणाले.

"सायेब, दारात उभं राहू नका," अक्का म्हणाल्या. "वारा अडायलाय. तुमीच सांगितलं होतं."

काका बाजूला सरले. मग काकूंना म्हणाले, "अगं, तुला दमा हाय."

"हौदु," काकूंनी कानडीत होकार दिला. "हाय की."

"मग?"

"दमा चुलीनं दिला," काकू म्हणाल्या. "खानावळीनं न्हाय."

तव्यावरची भाकरी उलटायची राहिली.

"एकतीस वरसं डबा दिला. तुमी कुणाच्या घरचं पाणी पेलाव न्हाय. लोक म्हणत्यात, सायेब लई सरळ. हावच सरळ. पर सरळपणा तुमच्या वाटणीला आला आन् धूर माझ्या." हे त्या मीठ मागावं तशा आवाजात बोलल्या आणि शेंगाचटणीवर तेल ओतून घेतलं.

बांधावर कुऱ्हाडी घेऊन उभ्या असलेल्या भावकीपुढे हे काका एक इंच हलले नव्हते, अशी त्यांची ख्याती. त्या क्षणी ते हातातली फाइल कुठे ठेवावी हे शोधत होते. पाण्याच्या पिंपावर ठेवली, तिथून उचलली, शेवटी चुन्याच्या पिशवीवर ठेवली. मग त्यांनी काकूंना विचारलं, "मागं उघड्यावर बसायचं का? तिथं वारं चांगलं हाय."

"हे खाऊन झालं की," काकू म्हणाल्या.

त्यांनी ती भाकरी पुरती संपवली. मग आम्ही तिघं मागच्या अंगणात बाकडं नेऊन बसलो. अक्कांनी काकांचं पान वाढलं. काका मास्क खाली, घास, मास्क वर असं मन लावून जेवू लागले, आणि भाकरी संपल्यावर, इतक्या तालमींचा परिणाम म्हणून, त्यांचा हात आपोआप पिशवीत गेला आणि लाल झेंडी वर आली.

"ही काय भानगड?" अक्का पान घेऊन थबकल्या.

"भाकरी मागायलेत," काकू म्हणाल्या, आणि त्यांना हसू फुटलं. हसता हसता खोकला आला. खोकला थांबेना. काका झेंडी टाकून उभे राहिले, अक्का तांब्या घेऊन धावल्या. काकूंनी हाताने सगळ्यांना थांबवलं, पाणी प्यायल्या, श्वास जागेवर आणला, आणि डोळे पुसत म्हणाल्या, "न्हाय न्हाय. हसण्याचा हाय हा." तरी काका दोन मिनिटं उभेच होते. मग बसले, आणि त्यांनी तोंडाने भाकरी मागितली.

त्यानंतर सगळा हिवाळा बाजारादिवशी दोघं अक्कांच्या मागच्या अंगणात जेवले. फाइलवर काकांनी निकाल लिहिला: 'जावे. उघड्यावर.' मी पुण्याला परत जाईन असं त्या दिवसांत सगळे म्हणत होते. मीही म्हणत होते.

पाडव्याच्या सुमाराला आजार पुन्हा उसळला. खानावळींना पुन्हा कुलपं लागली, आणि या वेळी आमच्याच गल्लीतली दोन घरं कितीतरी दिवस उघडली नाहीत. चुन्याचे चौकोन पुसट झाले होते, ते परत आखायला काका बाहेर पडले नाहीत. गंमत कुणालाच वाटत नव्हती, त्यांनाही नाही.

त्यानंतरच्या पहिल्या बाजारादिवशी मी सवयीने खिडकीतून बघितलं. काकू घरातलं साधं पातळ नेसून पायरीवर बसल्या होत्या, हात मांडीवर, आणि चुलीपुढे काका. समोर परात, कोपरापर्यंत पीठ. "मॅडम," त्यांनी मला पाहून हाक मारली, "साक्षीला या. हिचा विश्वास न्हाय."

मी गेले आणि अंगणाच्या दुसऱ्या कडेला बसले. पहिली भाकरी फाटली. दुसरी टिकली, पण तिचा आकार तीन भावांत वाद असलेल्या शेतासारखा होता, एक कोपरा नदीत गेलेला. फुगलीसुद्धा एकाच बाजूने. काकांनी ती ताटलीत घालून काकूंपुढे ठेवली, एक भाजून माझ्या हातात दिली, आणि लाकूड सारायला चुलीत वाकले. तेवढ्यात वारा फिरला. सगळा धूर त्यांच्या तोंडावर आला. ते खोकत मागे सरले, डोळे चोळले तर डोळ्यांत पीठ गेलं. पुन्हा वाकले, पुन्हा धूर.

मग डोळ्यांतून पाणी वाहत असताना त्यांनी विचारलं, "एवढा धूर असतो व्हय गं, रोज?"

काकू चावत होत्या. घास गिळून झाल्यावर म्हणाल्या, "उन्हाळ्यात कमी असतोय. पावसाळ्यात लाकूड वलं, तवा जास्ती."

काकूंनी रिकामी ताटली पुढे केली.

"अजून एक टाका," त्या म्हणाल्या.

काकांनी मान खाली घालून परातीत पीठ ओढलं. मी उठून जायला हवं होतं, पण माझ्याही हातात गरम भाकरी होती, म्हणून बसून राहिले.